विषयमग्न : ऑटिझमची बलस्थानं ओळखताना

नमस्कार. ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'ऑटोस', म्हणजे स्वतः. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी 'ऑटिझम' हा शब्द घडवला. पुढे तो वेगळ्याच मुलांना चिकटला आणि मराठीत येताना त्याचा शब्दशः अनुवाद झाला. पण पंख्याकडे अर्धा तास टक लावून बसलेलं मूल खरोखर 'स्व'मध्ये मग्न असतं का? ते पंख्यात मग्न असतं. छतावर फिरणारी पात्यांची सावली, वेग बदलला की बदलणारा आवाज, रेग्युलेटरच्या एखाद्या खुणेवरच येणारी थरथर, या सगळ्यात ते बुडालेलं असतं. या मुलांना आणि मोठ्यांना मी विषयमग्न म्हणेन. ही मग्नता चालते कशी, तिच्यातून काय मिळतं, आणि घरी, शाळेत, कामावर काय केलं की ती फुलते किंवा कोमेजते, यावर आज बोलायचं आहे.

ऑटिझमची चांगली बाजू सांगताना बहुधा दोन रकाने केले जातात. एकात अडचणी, दुसऱ्यात गुण. इकडे आवाज सहन न होणं, बदलाची भीती, गप्पा न जमणं. तिकडे बारकावे दिसणं, चांगली स्मरणशक्ती, सचोटी. मला ही मांडणीच चुकीची वाटते. दोन्ही रकान्यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच यंत्रणेतून येतात. ज्या कानाला कुकरच्या शिटीने वेदना होतात, त्याच कानाला तंबोऱ्याची किंचित उतरलेली तार कळते. म्हणून एक रकाना पुसायला गेलं की दुसराही पुसट होतो. बदलायची असते ती आजूबाजूची मांडणी.

आधी दिसण्याबद्दल. १९८३ साली लंडनमध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी ऑटिस्टिक मुलांना एक साधं काम दिलं. बाबागाडीसारखं एक चित्र, त्याच्या रेषांमध्ये लपलेला एक त्रिकोण, तो शोधायचा. त्याच बौद्धिक वयाच्या इतर मुलांपेक्षा ऑटिस्टिक मुलांना तो सरस रीतीने सापडला. याचं कारण दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच दोघींनी ठोकळ्यांच्या प्रयोगातून दाखवलं. लाल-पांढरे ठोकळे जुळवून कागदावरची नक्षी तयार करायची असते. नक्षी आधीच चौकोनांत तोडून दाखवली, तर इतरांचा वेग खूप वाढतो. ऑटिस्टिक लोकांना त्या तोडून दाखवण्याचा फारसा फायदा होत नाही, कारण त्यांना ती मुळातच सुट्या भागांत दिसत असते. आपल्याला अखंड आकृती आधी दिसते आणि भाग शोधावे लागतात. त्यांना भाग आधी दिसतात.

दुसरा मुद्दा क्षमतेचा आहे. ॲना रेमिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर अक्षरं दाखवून त्यांतलं एक शोधायला सांगितलं, आणि कडेला एक जादा चिन्ह ठेवलं. अक्षरं वाढत गेली तसं इतरांना ते जादा चिन्ह दिसेनासं झालं. ऑटिस्टिक प्रौढांना मात्र गर्दी वाढल्यावरही ते दिसत राहिलं, आणि मूळ काम बिघडलं नाही. याचा सरळ अर्थ असा की एका वेळी जास्त माहिती आत घेण्याची ताकद त्यांच्याकडे आहे. 'लक्ष विचलित होतं' असं प्रगतिपुस्तकावर लिहिलेलं असतं, तेव्हा अनेकदा घडत असतं ते हेच. फळ्यावरचं गणितही आत जात असतं, शेजारच्या वर्गातली कविताही, ट्यूबलाइटच्या चोकचा गुणगुणाटही. काम सोपं आणि रिकामं असेल तर उरलेली क्षमता आजूबाजूचं सगळं ओढून घेते. म्हणून अशा मुलाला सोपं काम देणं ही दर वेळी मदत ठरत नाही. काही मुलं भरगच्च, गुंतागुंतीच्या कामावर जास्त स्थिर बसतात. एकदा करून पाहा: दहा सोप्या बेरजांऐवजी एक मोठं, अनेक पायऱ्यांचं गणित द्या आणि जागेवरून उठण्याची संख्या मोजा.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे संगीत घराघरात आहे. कुठलाही आधार न घेता स्वर ओळखण्याची क्षमता, म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान, ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळते. पाश्चात्त्य संगीतात स्वरांची जागा ठरलेली असते, तिथे ही क्षमता सरळ उपयोगी पडते. आपल्याकडे सा फिरता. काल बाईंनी काळी एकमध्ये शिकवलेली सरगम आज पांढरी चारमध्ये सुरू झाली की अशा मुलाच्या कानाला ती सरगमच राहत नाही. प्रत्येक स्वर चुकलेला. मूल कान झाकतं, ओरडतं किंवा पेटीवरचा हात ओढतं, आणि 'याला गाण्याची आवड नाही' असा निष्कर्ष निघतो. नेमकं उलट असतं.

उपाय अवघड नाही. पहिले काही महिने एकच पट्टी ठेवा, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोराही त्याच खुणेवर. पट्टी बदलण्याच्या दिवशी आधी सांगा: 'आज सा काळी दोन.' मग गाण्याआधी पेटीवर बोटांनी दाखवा की सा आणि शुद्ध रे यांच्यामध्ये पेटीची एक कळ सुटते, रे आणि ग यांच्यामध्येही एक सुटते, ग आणि शुद्ध म मात्र लागून येतात, आणि हा क्रम कुठूनही सुरू केला तरी तोच राहतो. अंतरांचा हा नमुना डोळ्यांना दिसला की त्यांची नमुने पकडणारी बुद्धी कानाच्या मदतीला येते. इथे जे गुरुजी 'ऐकून म्हण' एवढंच म्हणत राहतात, त्यांच्या हातून एक चांगला कान निसटतो.

आता आवडीबद्दल, आणि इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. ऑटिझम हे स्वतंत्र निदान तिथून सुरू होतं. त्यांतला पहिला मुलगा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म १९३३. त्याला आकड्यांचं आणि मोजमापांचं प्रचंड वेड. १९४२ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्याला गावापासून जवळच एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. १९४५ मध्ये कॅनर तिथे भेटीला गेले, आणि त्यांनी जे लिहून ठेवलं ते आजही प्रत्येक बी. एड.च्या वर्गात वाचावं असं आहे. डोनाल्ड सतत मोजायचा, तर त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली किती झाली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी दफनभूमीची एक जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोजायला सांगितलं. कॅनर यांच्यासमोर त्याने लांबच लांब सहा ओळी नांगरल्या, घोडा व्यवस्थित वळवत. जवळच्या खेड्यातल्या शाळेने त्याला त्याच्या तऱ्हांसह सामावून घेतलं.

पुढे डोनाल्डने मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच विषयात पदवी घेतली, गावच्या बँकेत कित्येक दशकं काम केलं, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. त्याचं घर सधन होतं आणि बँक घरच्या माणसांशी संबंधित होती, हे विसरून चालणार नाही. सगळ्यांना असा आधार मिळत नाही. पण त्या शेतकरी जोडप्याकडे पैसा किंवा पदवी यांपैकी काही नव्हतं. मोजण्याची ओढ मोडायची नाही, तिला काम द्यायचं, एवढं त्यांना उमगलं होतं.

हे आज करायचं कसं? उदाहरण म्हणून मुंबईच्या लोकलचं वेड घेऊ, कारण ते पुष्कळ मुलांत दिसतं. पहिला आठवडा फक्त शेजारी बसा. प्रश्न विचारायचे नाहीत. मूल कसारा लोकलचे थांबे म्हणत असेल तर तुम्हीही म्हणा, चुकलात तर ते दुरुस्त करेल, आणि ती दुरुस्ती हाच तुमचा पहिला संवाद असेल. दुसऱ्या टप्प्यात आवडीला लागूनच असलेली एक, फक्त एक, नवी गोष्ट आणा: छापील वेळापत्रक किंवा मार्गांचा नकाशा. कल्याणला फाटा फुटतो, एक मार्ग कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. त्यातून दिशा येतात, भूगोल येतो. धीमी आणि जलद गाडी यांच्या वेळांच्या फरकातून साठच्या पटीतली वजाबाकी येते. चौथीतली बरीच मुलं जिथे अडखळतात, ती हीच वजाबाकी. तिसऱ्या टप्प्यात काहीतरी वस्तू तयार होऊ द्या, हाताने केलेला तक्ता किंवा वही. आणि चौथा टप्पा सर्वांत मोलाचा: त्या ज्ञानाची खरोखर गरज असलेला माणूस शोधा. मावशीला डोंबिवलीहून दादरला अकराच्या आत पोचायचंय, कुठली गाडी घेऊ? मावशीने त्याच गाडीने जायचं आणि पोचल्यावर फोन करायचा. आपल्याला जे कळतं ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, हा अनुभव शाबासकीच्या चांदण्यांपेक्षा खूप टिकतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मोठी माणसं आवडीची परीक्षा करतात: 'सांग बरं, ठाण्यानंतर काय?' उत्तर त्यालाही माहीत असतं, तुम्हालाही माहीत असतं, मग तो प्रश्न कशाला, हे मुलाला कळत नाही आणि ते गप्प होतं. दुसरं, आवडीचं आमिष होतं. 'अभ्यास केलास तर वेळापत्रक मिळेल.' असं झालं की जी गोष्ट मन शांत करायची, तीच मिळेल की नाही या काळजीचं कारण बनते. कठीण दिवशी, म्हणजे जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच ती काढून घेतली जाते. तिसरं, घाई. आवडीतून लगेच करिअर दिसायला लागतं. रेल्वेचं वेड असलेल्या प्रत्येक मुलाने मोटरमन व्हायला हवं असं नाही. काही आवडी फक्त आनंदासाठी असतात आणि तो आनंद पुरेसा असतो. पाण्याची धार बोटांवर घेत बसण्यात किंवा हात फडफडवण्यात मिळणारं सुख खरं असतं. ते दिसू द्यायला लाज कसली?

या मग्नतेचं एक स्पष्टीकरण डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ मध्ये मांडलं. लॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. लक्ष म्हणजे मर्यादित पाणी समजा. बहुतेकांमध्ये ते अनेक पाटांतून थोडं थोडं वाहतं, ऑटिस्टिक मनात थोड्याच पाटांतून जोराने. त्यामुळे आत शिरलेल्या विषयात खोली प्रचंड, पण एका पाटातून दुसऱ्यात पाणी वळवायला वेळ लागतो. शाळेचा पस्तीस मिनिटांचा तास या मनाला फार महाग पडतो: पहिली दहा मिनिटं शिरण्यात जातात, शेवटची दहा बाहेर ओढलं जाण्याच्या धास्तीत. शक्य तिथे शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा तरी एकाच विषयाचे दोन तास जोडून द्यावेत. घरी काम थांबवायचं असेल तर घड्याळापेक्षा कामातली थांबण्याची जागा वापरा: 'हे पान संपलं की', 'ही गाडी स्टेशनात आली की'. दहा मिनिटं आधी एकदा आणि तीन मिनिटं आधी एकदा सूचना द्या, तीही तोंडी देण्यापेक्षा चिठ्ठी समोर ठेवून. आणि एक छोटी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: थांबल्याची खूण करायला द्या. कुठे थांबलो आणि परत कधी सुरू करणार हे कागदावर लिहून तो कागद कामावर ठेवायचा. ते काम हरवणार नाही याची खात्री मिळाली की मन सुटतं.

ताकद मोजण्यातच चूक होते, त्याबद्दल पालकांनी सावध असावं. २००७ मध्ये मिशेल डॉसन यांनी, त्या स्वतः ऑटिस्टिक संशोधक आहेत, लोरां मोत्रों आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ३८ ऑटिस्टिक मुलांच्या दोन बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. वेक्सलर चाचणीत तोंडी सूचना आणि बोलून द्यायची उत्तरं खूप असतात. रेव्हनच्या चाचणीत आकृत्यांचा नमुना पाहून गाळलेला तुकडा निवडायचा असतो. शंभर मुलं सर्वांत कमी गुणांपासून चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर वेक्सलरमध्ये ही मुलं सरासरीने २६ व्या जागेच्या आसपास होती, रेव्हनमध्ये ५६ व्या. इतर मुलांमध्ये दोन्ही चाचण्यांत असा फरक आला नाही. म्हणजे मुलं तीच, पण त्यांतली काही एका खोलीतून 'मंद' असा शेरा घेऊन बाहेर पडतील आणि दुसऱ्या खोलीतून 'सर्वसाधारण' किंवा त्याहून वर. तुमच्या मुलाची चाचणी होत असेल तर मानसतज्ज्ञांना तीन प्रश्न जरूर विचारा. शब्दांवर अवलंबून नसलेली चाचणी घेतली का? वेळेची मर्यादा होती का, आणि ती सोडून दिली तर काय येतं? अहवालात एकच बुद्ध्यांक आहे की प्रत्येक उपचाचणीचा गुण वेगळा दिला आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ऑटिस्टिक व्यक्तीचा आलेख सह्याद्रीसारखा असतो, एकीकडे कडा आणि लागूनच दरी. सरासरी काढली की दोन्ही दिसेनासे होतात.

बोलण्याकडे येऊ. टीव्हीवरची जाहिरात किंवा तुमचंच वाक्य मूल जसंच्या तसं परत म्हणतं, त्याला पूर्वी निरर्थक पोपटपंची समजून थांबवायचे. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्ये अशा, त्यातही ऐकल्यावर लगेच परत म्हटलेल्या, उच्चारांचे प्रसंग बारकाईने तपासले, तेव्हा त्यांत सात वेगवेगळे हेतू सापडले: होकार देणं, आपली पाळी घेणं, मागणी करणं, मनाशी उजळणी करणं वगैरे. 'पाणी हवंय का?' असं मूल स्वतःच म्हणतं, तेव्हा ते बहुधा पाणी मागत असतं. अखंड वाक्य चालीसकट लक्षात ठेवून योग्य प्रसंगी काढणं ही स्मरणाची मोठी करामत आहे. तिला प्रतिसाद द्यायचा, 'मला पाणी हवंय' असं त्याच्या बाजूचं वाक्य एकदा म्हणायचं आणि पाणी द्यायचं. तेच वाक्य म्हणेपर्यंत पेला अडवून धरू नका. जी मुलं बोलत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवून बोलण्याची साधनं आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही वापरता येतं. साधन दिल्याने बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. आणि न बोलणाऱ्या, रोजच्या कामांना मदत लागणाऱ्या व्यक्तीतही मी आज सांगतोय ती सगळी बलस्थानं असू शकतात. आपल्याला ती दिसण्याची वाट तेवढी अरुंद असते.

'यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत' हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये उलट प्रश्न विचारला: इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाच्या भावना कुठे कळतात? अडचण दोघांमधली आहे, एकाची नाही. कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये कानगोष्टीचा खेळ घेतला. आठ-आठ जणांच्या साखळ्या. काही फक्त ऑटिस्टिक लोकांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिक साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळत गेली. पुढे ३०० हून अधिक लोकांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही. ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी नाहीत, ही गोष्ट मात्र दोन्ही वेळा तशीच राहिली.

यातून घरच्या बोलण्याला एक शिस्त मिळते. मराठीत आपण आडून फार बोलतो. 'जरा पंखा लावतोस का?' याचं खरं उत्तर 'हो' किंवा 'नाही' आहे, आणि मूल 'हो' म्हणून जागेवर बसून राहिलं तर त्याने उर्मटपणा केलेला नाही. 'पंखा लाव' म्हणा. 'थोड्या वेळाने ये' ऐवजी 'पाच वाजता ये'. 'पसारा आवर' ऐवजी 'ही पाच पुस्तकं दुसऱ्या कप्प्यात ठेव'. याच शब्दनिष्ठेची दुसरी बाजू म्हणजे तो माणूस बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाचा अर्थ तेवढाच असतो. 'छान झालंय' म्हणाला तर छानच झालेलं असतं.

निर्णय घेतानाही हे दिसतं. २००८ मध्ये बेनेडेट्टो डी मार्टिनो यांच्या गटाने लोकांना ५० पौंड देऊन विचारलं, खात्रीची ठरावीक रक्कम घ्यायची की सगळे जुगारात लावायचे? खात्रीचा पर्याय दोन प्रकारे मांडला: 'यातले २० तुमचे राहतील' किंवा 'यातले ३० जातील'. हिशेब एकच, पण 'जातील' हा शब्द ऐकला की बहुतेक जण जुगाराकडे वळतात. ऑटिस्टिक गटावर शब्दांच्या या वेष्टनाचा परिणाम बराच कमी झाला. अभ्यास छोटा होता, तरी ज्यांनी ऑटिस्टिक सहकाऱ्याबरोबर एखादी खरेदी किंवा निविदा तपासली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल.

कामाच्या ठिकाणी हे सगळं कसं बसवायचं? डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली, सॉफ्टवेअर तपासणीसाठी ऑटिस्टिक माणसं नेमणारी. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये असाच कार्यक्रम जाहीर केला, त्याआधीचा प्रयोग बेंगळुरूच्या त्यांच्या केंद्रात झाला होता. पण सॉफ्टवेअरवर थांबू नका. मराठी मुद्रितशोधन घ्या: ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, एकाच पुस्तकात दोन तऱ्हांनी लिहिलेलं गावाचं नाव. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडी वाचणं म्हणजे लपेटीत हरवलेला अक्षराचा आकार शोधणं, आणि १९८३ च्या त्या त्रिकोणाची इथे आठवण होते. ग्रंथालयाची तालिका, औषधांच्या दुकानातला साठा आणि मुदत, प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या, रोपवाटिकेतली नोंद, अशी कामं आपल्या तालुक्यांतही आहेत.

नेमणूक करताना मुलाखत हाच पहिला अडथळा. 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला योग्य उत्तर किती लांबीचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्याऐवजी कामाचा नमुना द्या. मुद्रितशोधकाची जागा असेल तर वीस पानं, त्यांत तुम्ही मुद्दाम पेरलेल्या तीस चुका, शांत खोली, नव्वद मिनिटं. किती सापडल्या आणि बरोबर असलेलं किती ठिकाणी चूक ठरवलं, दोन्ही मोजा. बोलायचंच असेल तर प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा. रुजू झाल्यावर प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी असाव्यात: काय, किती, कधीपर्यंत, पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. बहुतेक कार्यालयांत घसरगुंडी होते ती चौथ्या मुद्द्यावर. 'किती बरोबर म्हणजे पुरे' हे सांगितलं नाही तर ऑटिस्टिक कर्मचारी तेच पान सातव्यांदा तपासेल, किंवा जाहिरातीतल्या एका स्वल्पविरामासाठी छपाई थांबवेल. चुकांच्या तीन पायऱ्या ठरवून द्या: छपाई थांबवायची, दुरुस्त करून पुढे जायचं, नुसती नोंद ठेवायची. बसायला भिंतीकडे पाठ असलेली जागा द्या, जाण्यायेण्याच्या वाटेवरची नको. आणि एक काम उत्तम जमतं म्हणून वर्षानुवर्षं तेवढंच देऊ नका. एकसुरी कामाचा कंटाळा त्यांनाही येतो, फक्त तो चेहऱ्यावर दिसेलच असं नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात तो येतो. परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळावा, असे केंद्राचे २०१८ चे निर्देश आहेत. तेव्हा त्यासाठी निदान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागायचं. बोर्डाचं वर्ष उजाडायची वाट पाहू नका, आठवीतच कागद पूर्ण करा.

बलस्थानांच्या बोलण्याचा एक धोका आहे आणि तो मला मनापासून लागतो. अमुक तारखेला कुठला वार होता हे क्षणात सांगणारी मुलं असतात, पण अशी असामान्य कौशल्यं थोड्यांकडेच असतात. पाहुण्यांसमोर मुलाला कालनिर्णय घेऊन उभं करणं थांबायला हवं. आणि उलट बाजूने, 'एवढा हुशार आहे, मग बुटाची नाडी का बांधता येत नाही?' हा प्रश्नही थांबायला हवा. कडा आहे म्हणून दरी बुजत नाही. हुशारीकडे बोट दाखवून मदत नाकारली गेली की मूल आपल्या अडचणी लपवायला शिकतं, दिवसभर इतरांसारखं वागण्याचा अभिनय करतं आणि घरी येऊन कोसळतं. वर्षानुवर्षं असं झालं की जमत असलेल्या गोष्टीही जमेनाशा होतात. बलस्थानं त्या थकव्यात सगळ्यांत आधी मिटतात.

शेवटी एक काम देतो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी चौदा दिवस एक वही ठेवा. रोज फक्त दोन नोंदी. मूल सर्वांत जास्त वेळ कशात रमलं, किती मिनिटं, तेव्हा आवाज, उजेड, माणसं किती होती. आणि बिनसलं असेल तर त्याआधीच्या अर्ध्या तासात काय बदललं होतं. पंधराव्या दिवशी त्यातून वर्गशिक्षकांसाठी एक पान तयार करा. वर मुलाची आवड आणि त्यातलं त्याला काय येतं. खाली तो कशाने शांत होतो, आवाजाच्या दृष्टीने कुठे बसवावं, सूचना कशी द्यावी, आणि 'नको' हे तो कसं सांगतो, शब्दांनी की हाताने की उठून जाऊन. एक पान म्हणजे एकच पान, कारण साठ मुलांच्या वर्गात दुसरं वाचलं जात नाही. अहवालांची फाइल सोबत जोडू नका; ती मागितली तर द्या. आणि शाळेत देण्याआधी ते पान मुलाला वाचून किंवा चित्रांनी दाखवा. त्याने एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'हे नको' असं कुठल्याही प्रकारे सांगितलं, तर ती ओळ काढून पान पुन्हा लिहा.